जलपरीचा जलपुत्र करण्याआधी चेटकिणीची अट नीट वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हान्स ख्रिश्चन अँडरसनची 'छोटी जलपरी' घेऊन मराठीत दोन पुरुषांची प्रेमकादंबरी लिहायची आहे. जलपरीच्या जागी जलपुत्र, राजपुत्र आहे तसाच, शेवट गोड. पाच प्रकरणं लिहून झालीत, पण नायक राजवाड्यात पोचल्यापासून लेखन अडलंय. सोबत तीन शंका आहेत. अँडरसन स्वतःच समलिंगी होता म्हणतात, मग हे मूळ गोष्टीला धरूनच झालं ना? 'मुलांची गोष्ट नासवली' म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? आणि कॉपीराइटचं काय?

परीकथांची पुनर्कथनं संपादित करणं हे गेली अनेक वर्षं माझं काम आहे, म्हणून आधी दिलासा देतो. राजवाड्यात सगळेच अडकतात. समुद्र लिहायला मजा येते, चेटकीण लिहायला त्याहून जास्त. मग नायकाची जीभ कापली जाते, तो मुका होऊन संगमरवरी पायऱ्यांवर येऊन पडतो, आणि आता दोनशे पानं हे दोघं करणार काय, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहतो. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांमध्ये याचं उत्तर सापडत नाही, कारण त्यांनी नेमका तोच भाग छाटलेला असतो. मूळ गोष्ट पूर्ण वाचा. फार तर तासाभराचं काम आहे.

वाचताना पात्रांपेक्षा अटींकडे लक्ष द्या. बहुतेकांना एकच अट आठवते: राजपुत्राचं प्रेम मिळवलं तर जगशील, नाही तर फेस होशील. मूळ गोष्टीत तसं नाही. तिथे दोन वेगवेगळ्या अटी आहेत आणि तुमची अख्खी कादंबरी त्या दोघींच्या मधल्या फटीत बसलेली आहे.

पहिली अट जलपरीची आजी सांगते आणि चेटकीण तीच पुन्हा सांगते. समुद्रातले लोक तीनशे वर्षं जगतात आणि मग फेस होतात, त्यांना अमर आत्मा नसतो. तो मिळायचा एकच मार्ग आहे. एखाद्या माणसाने तिच्यावर आईबापांहून जास्त प्रेम करावं, त्याचं सगळं चित्त तिच्यात असावं, आणि धर्मगुरूने त्याचा उजवा हात तिच्या हातात द्यावा. तसं झालं तर त्याच्या आत्म्याचा वाटा तिला मिळेल. दुसरी अट चेटकीण आपल्या पदरची जोडते. त्याने दुसऱ्या कुणाशी लग्न केलं, तर लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तुझं काळीज फुटेल आणि तू फेस होशील.

आता नायक पुरुष करा आणि दोन्ही अटी पुन्हा वाचा. शब्द एकही बदललेला नाही, पण पहिल्या अटीचा अर्थ पार उलटा झालाय. अँडरसनच्या जलपरीपुढे अडचण एवढीच होती की राजपुत्राचं तिच्यावर तसं प्रेम नव्हतं. तुमच्या जलपुत्रावर राजपुत्राने जीव ओवाळून टाकला तरी अट पुरी होणार नाही, कारण त्या राज्यातला एकही धर्मगुरू एका पुरुषाचा हात दुसऱ्या पुरुषाच्या हातात देणार नाही. प्रेम आहे, हात पुढे केलेला आहे, पण तो घेऊन दुसऱ्याच्या हातात ठेवणारं कुणी नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाणिग्रहण काय असतं ते त्याने शेकडो लग्नांत अक्षता हातात धरून पाहिलंय.

दुसरी अट मात्र जशीच्या तशी लागू राहते. राजपुत्राने दुसऱ्या कुणाशी लग्न केलं की जलपुत्र मेला.

या दोन अटींच्या मधे काय उरतं? राजपुत्राने कुणाशीच लग्न केलं नाही तर? मूळ मजकुरात याचं उत्तर आहे, फक्त कुणी तिकडे बघत नाही. तसं झालं तर जलपरी मरत नाही. आत्मा मिळत नाही, शेपूट परत येत नाही, पावलागणिक सुऱ्या टोचत राहतात, पण ती जगते. म्हणजे राजपुत्र जोवर बिनलग्नाचा आहे तोवर जलपुत्र जिवंत आहे. लग्न न केलेला एक राजा आणि त्याच्या महालात राहणारा, कुठलंच नातं न सांगता येणारा एक सोबती. असे दोघं इतिहासात कितीतरी होऊन गेले. आपल्या ओळखीतही 'दोघे मित्र एकत्र राहतात, लग्नं केली नाहीत' म्हणून ज्यांच्याबद्दल बोलणं थांबवलं जातं, असे असतात. तुमचं राजवाड्याचं प्रकरण इथे सुरू होतं. राजाला वारस हवा, शेजारच्या राजाची मुलगी पाहून ठेवलीय, आईबाप रोज जेवताना विषय काढतायत, आणि राजपुत्राला ठाऊकच नाही की त्याच्या एका 'हो'ने कुणाचा तरी जीव जाणार आहे. ज्याला ठाऊक आहे त्याला जीभ नाही. दोनशे पानांना पुरेल एवढा ताण यात आहे. वेगळा खलनायक आणायची गरज नाही.

या अटीचं वजन समजायला दोन देशांच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. अँडरसनच्या डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची कायदेशीर नोंदणी सुरू केली. जगात असं करणारा तो पहिला देश. तरी चर्चमध्ये लग्न लागायला २०१२ उजाडलं. म्हणजे धर्मगुरूने हातात हात द्यायची आजीची अट दोन पुरुषांसाठी त्या देशात पुरी होऊ शकली ती गोष्ट छापून आल्यावर पावणेदोनशे वर्षांनी. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कचाट्यातून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध सोडवले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारला. तुमचा मराठी वाचक आज नेमका या दोन अटींच्या मधल्या फटीतच उभा आहे. हे पुस्तकात लिहायचं नाही. फक्त लिहिताना ध्यानात ठेवायचं.

आता राजपुत्र. 'राजपुत्र आहे तसाच' असं तुम्ही म्हणता, आणि माझ्या मते घोडं तिथेच अडलंय. मूळ राजपुत्र प्रेमकथेचा नायक होऊच शकत नाही. तो वाईट नाही, पण त्याला दिसत काही नाही. जलपरीला तो आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो. तिच्या केसांशी खेळतो, तिच्या ओठांचं चुंबन घेतो, तिच्या छातीवर डोकं ठेवतो, बोलक्या डोळ्यांचं माझं मुकं पोर म्हणून तिला लाडाने हाक मारतो, आणि तिला राणी करावं हे त्याच्या मनाला शिवतही नाही. एखाद्या गोड लेकरावर करावं तसं त्याचं प्रेम आहे, असं अँडरसन स्पष्ट लिहितो. या माणसाला आहे तसा ठेवून समोर पुरुष उभा केलात, तर हाती पाळीव सोबत्याची गोष्ट येईल. प्रेमकादंबरीत दुसऱ्या माणसालाही 'हो' किंवा 'नाही' म्हणता आलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी त्याला दिसलं पाहिजे.

हे कुठे घडवायचं, तर त्याची जागा अँडरसननेच करून ठेवलीय. राजपुत्र जलपरीसाठी पुरुषी पोशाख शिवून घेतो. होय, मूळ गोष्टीत. तिला आपल्याबरोबर घोड्यावरून रपेटीला येता यावं म्हणून. दोघं सुगंधी रानातून जातात, हिरव्या फांद्या खांद्यांना घासतात, मग उंच डोंगर चढतात. तिच्या पायांतून रक्त येतं, इतरांना दिसेल इतकं येतं, आणि ती हसत त्याच्यामागून ढगांच्या वर जाते. रात्री सगळे झोपले की संगमरवरी पायऱ्या उतरून ती जळणारे पाय थंड पाण्यात बुडवून बसते. संक्षिप्त आवृत्त्यांत हा भाग बहुधा गळतो. क्वीअर, म्हणजे स्त्री-पुरुष प्रेमाच्या ठरीव साच्याबाहेरचं, पुनर्कथन करणाऱ्याने इथेच तंबू ठोकावा.

या प्रसंगात एक गोष्ट मला नेहमी खटकते. रक्त इतरांना दिसतं, मग त्याला का नाही दिसत? तिथेच पकडा. प्रसंग राजपुत्राच्या नजरेतून लिहा. राजपुत्राचं नाव आक्सेल धरून मी असा लिहीन:

'उतरताना आक्सेलने मागे पाहिलं. दगडावर लाल डाग होता. त्याच्या अलीकडच्या दगडावर दुसरा. कुत्र्याच्या पंजात काटा गेला असेल म्हणून तो वाकला. कुत्रा धडधाकट होता. मग त्याची नजर त्या मुक्या तरुणाच्या पायांकडे गेली, आणि त्या सकाळी ते एकत्र किती चढले ते त्याला आठवलं. त्या आधीच्या सकाळीही. "कधीपासून?" त्याने विचारलं. तो तरुण हसला. रोज हसायचा तसाच. आक्सेलला त्या हसण्याचा पहिल्यांदाच राग आला.'

यात चुंबन नाही, स्पर्श नाही, कबुली नाही. पण दुखणं लपवण्यासाठी हसणाऱ्या माणसाचा राग येणं ही जिव्हाळ्याची सुरुवात आहे, आणि ज्या वाचकाने स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं असंच हसून दाखवलंय तो इथे तुमच्या मुठीत येतो. यापुढे राजपुत्र काय करतो त्यावर कादंबरीची दिशा ठरेल. रपेटी बंद करतो? घोडा हळू हाकतो? त्या रात्री पायऱ्यांवर जाऊन बसतो? माझं मत विचाराल तर तो काहीच करत नाही, दोन दिवस तोंड चुकवतो, आणि मग पायऱ्यांवर जातो. लगेच पाझर फुटणारे नायक मला खरे वाटत नाहीत.

मूळ गोष्टीत कुणालाच नाव नाही. राजपुत्राला तुम्ही द्या. जलपुत्राला देऊ नका, निदान अर्ध्या पुस्तकापर्यंत. तो स्वतःचं नाव सांगू शकत नाही आणि राजवाडा ठेवेल ते नाव त्याचं नाही. वाचकाला समुद्रातलं नाव ठाऊक असेल आणि राजपुत्राला नसेल, तर तेवढ्यानेही पानं उलटतात.

संबोधनाची एक सोय मराठीने तुम्हाला फुकट दिलीय, ती वाया घालवू नका. राजपुत्र त्या मुक्या तरुणाला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणणार, नोकराला म्हणतात तसं. तरुणाकडे वाचाच नाही, त्यामुळे तो राजपुत्राला 'आपण' म्हणतो की 'तू', हा प्रश्न पुस्तकभर लटकत राहतो. कादंबरीत कधीतरी त्याची वाचा परत येणार असेल, तर पहिलं वाक्य कोणतं असावं यावर डोकं खाजवू नका. त्यात फक्त 'तू' असू दे. अँडरसनच्या आयुष्यातही अगदी हाच काटा होता. १८३१ मध्ये त्याने आपला मित्र एडवर्ड कॉलिन याला पत्रातून विनवलं होतं, की यापुढे आपण एकमेकांना डॅनिशमधलं जवळकीचं 'तू' म्हणू या. एडवर्डने सभ्यपणे नकार दिला. पुढे जन्मभराची मैत्री टिकली, पण अँडरसनच्या मनातून तो नकार गेला नाही. १८४७ मधल्या त्याच्या 'सावली' या गोष्टीत एक सावली आपल्याच मालकाला असाच नकार देते.

व्याकरणाचा एक धोकाही सांगून ठेवतो. प्रथमपुरुषी निवेदन घेतलंत तर 'मी पोहत गेलो' इथेच लिंग उघड होतं. तुमचा नायक पुरुष आहे, तेव्हा बिघडत नाही. पण समुद्रातल्या लोकांत स्त्री-पुरुष भेद वेगळा असतो असं काही डोक्यात असेल, किंवा नायकाला ट्रान्स म्हणून लिहायचं असेल, तर पहिल्या पानाआधी क्रियापदांचा निर्णय घ्या. नंतर बदलायला गेलात तर सगळं पुस्तक पुन्हा लिहावं लागतं.

तर, अँडरसन समलिंगी होता का? ज्या गोष्टी नक्की आहेत त्या सांगतो. जन्म १८०५, ओडेन्से, बाप चांभार. कोपनहेगनमध्ये योनास कॉलिन या बड्या अधिकाऱ्याने त्याला आश्रय दिला, शिकवलं. एडवर्ड हा त्याचाच मुलगा. १८३० च्या दशकात अँडरसनने एडवर्डला लिहिलेली पत्रं आज वाचली तर प्रेमपत्रंच वाटतात. एडवर्डने ऑगस्ट १८३६ मध्ये हेन्रिएट थायबर्गशी लग्न केलं. एप्रिल १८३७ मध्ये 'छोटी जलपरी' छापून आली, ज्या पुस्तिकेत राजाच्या नव्या कपड्यांची गोष्टही आहे तिच्यातच. अँडरसन गेल्यावर एडवर्डने आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्यात कबूल केलं, की आपल्याला या प्रेमाला प्रतिसाद देता आला नाही आणि त्याचा लेखकाला फार त्रास झाला. दुसऱ्या बाजूला, अँडरसन स्त्रियांवरही आसक्त झाला होता. रिबोर्ग व्हॉइट आणि गायिका जेनी लिंड यांची नावं त्याच्या कुठल्याही चरित्रात सापडतील. पुढे १८६० च्या दशकात हाराल्ड शार्फ या नर्तकाशी त्याची जवळीक होती.

यावरून 'तो गे होता आणि ही गोष्ट म्हणजे त्याने मित्राला लिहिलेलं प्रेमपत्र' असं ठोकून देणं मला पटत नाही. 'होमोसेक्शुअल' हा शब्दच १८६९ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. त्याआधीच्या माणसाने स्वतःला काय म्हटलं असतं हे आपण ठरवू नये. पण उलट बाजूने 'छे छे, त्या काळी मित्र असंच लिहायचे' म्हणून झाकपाक करायचीही गरज नाही. एडवर्डलाच तसं वाटलं नव्हतं. तुमच्या मनोगतात एवढंच लिहा: या गोष्टीच्या आसपास लेखकाच्या आयुष्यात एका पुरुषावरचं अव्हेरलेलं प्रेम होतं, आणि गोष्ट अव्हेरलेल्या प्रेमाची आहे. वाचक पुढचं आपलं आपण समजतो. 'मूळ गोष्टीला धरून' असण्याचा शिक्का मागू नका. तो मिळाला म्हणून कादंबरी चांगली होत नाही आणि न मिळाल्याने वाईटही होत नाही.

नवऱ्या मुलीकडे या. तुमच्या आराखड्यात राजकन्या कपटी आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती काढून टाका. याबद्दल मी हट्टी आहे. मूळ गोष्टीतली राजकन्या निष्पाप आहे. किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेला राजपुत्र तिलाच पहिल्यांदा दिसतो, त्यामुळे हिनेच आपल्याला वाचवलं असं तो धरून चालतो. तिने खोटं काही सांगितलेलं नाही. दोन पुरुषांच्या प्रेमकथेत बाईला कपटी करून बाजूला सारणं सोपं असतं, म्हणून ते वारंवार होतं. महाराष्ट्रात बसून लिहिणाऱ्याला तर हे अजिबात शोभत नाही. 'एकदा लग्न झालं की होईल ठीक' म्हणून मुलाला बोहल्यावर चढवलं जातं आणि एक मुलगी आयुष्यभर आपलंच काय चुकलं ते शोधत बसते, हे आपल्या आसपास घडतं. तिच्या अंगावर पाय देऊन तुमचा गोड शेवट उभा राहत असेल तर तो गोड नाही.

म्हणून तिला लग्नाआधी एक प्रसंग द्या, ज्यात तिला खरं कळतं आणि निर्णय तिच्या हातात येतो. तिने लगेच समजूतदार वगैरे होऊ नये. चिडावं, अपमान वाटावा, बापाच्या राज्याचं काय हे विचारावं. प्रत्यक्षातली हेन्रिएट अँडरसनची जन्मभराची मैत्रीण राहिली, दोघांचा पत्रव्यवहार चालू असे. अँडरसनच्या इच्छेप्रमाणे एडवर्ड आणि हेन्रिएट दोघांनाही कोपनहेगनच्या दफनभूमीत त्याच्याच शेजारी पुरलं होतं. पुढे नातेवाइकांनी त्या जोडप्याला कुटुंबाच्या जागेत हलवलं आणि आता तो तिथे एकटा आहे. ही माहिती कादंबरीत वापरायची नाही, पण तिघांचं नातं प्रियकर, प्रेयसी आणि अडसर या साच्याबाहेरचं असू शकतं, याचा हा दाखला आहे.

चेटकिणीबद्दल थोडंच. डिस्नीच्या १९८९ च्या चित्रपटामुळे ती सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ठसकेबाज, ऑक्टोपससारखी, लबाड अशी उभी राहते. अँडरसनची चेटकीण तशी नाही. बुडालेल्या माणसांच्या हाडांचं तिचं घर आहे, बेडूक तिच्या तोंडातून घास खातात, पण सौद्यात ती चोख आहे. काय मिळेल, काय जाईल, किती दुखेल, सगळं आधी सांगते, वर हा मूर्खपणा आहे हेही सुनावते. तिला प्रामाणिकच ठेवा. ती लबाड असली तर तुमच्या नायकाची फसगत होते. ती प्रामाणिक असली तर त्याने सगळं माहीत असून हो म्हटलेलं असतं, आणि ते कितीतरी मोठं आहे.

गोड शेवट. प्रेमकादंबरीच्या वाचकाला तो देणं हा त्या प्रकाराचा शब्दच आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे. मराठीत समलिंगी पात्रांना मारून टाकायची सवय जुनी आहे. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्राही शेवटी जीव देते. तेव्हा तुमचा जलपुत्र जगू दे. पण सुरी गाळू नका. मूळ गोष्टीत बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन सुरी आणतात. सूर्योदयाआधी राजपुत्राच्या काळजात ती खुपसली आणि रक्त पायांवर पडलं, तर पाय जुळून पुन्हा शेपूट होईल. जलपरी तंबूत शिरते, झोपलेल्या राजपुत्राच्या ओठांवर बायकोचं नाव ऐकते, आणि सुरी समुद्रात भिरकावते. ही रात्र काढून टाकलीत तर गोष्टीला कणाच राहत नाही.

मी बदलायला सांगेन ते एवढंच: ही रात्र लग्नाच्या आदली असावी, आणि राजपुत्र जागा असावा. मूळ गोष्टीत तो शेवटपर्यंत झोपलेलाच आहे, त्या रात्रीही आणि त्याआधीही. तुमच्या पुस्तकात त्याने डोळे उघडून सुरीकडे बघावं, ती कशासाठी आहे ते त्याला कळावं, आणि त्याने विचारावं की दुसरा मार्ग कोणता. इथे दोन अटी कामाला येतात. धर्मगुरू येणार नाही, तेव्हा पहिली अट पुरी होणार नाही. मग दुसरी मोडायची नाही, म्हणजे लग्न करायचं नाही. राज्य भावाला द्या, बहिणीला द्या, तो तुमचा प्रश्न. आत्म्याचं काय? तर फेब्रुवारी १८३७ मध्ये अँडरसनने इंगेमान या कवीला लिहिलं होतं, की जलपरीला आत्मा मिळणं आपण दुसऱ्या कुणाच्या प्रेमावर अवलंबून ठेवलेलं नाही. आधी जर्मन लेखक फूकेच्या 'उंडीन' या जलकन्येच्या कथेत तसं होतं आणि ते त्याला पटलं नव्हतं. म्हणून तर शेवटी जलपरी हवेच्या कन्यांमध्ये जाते आणि स्वतःच्या कर्माने आत्मा मिळवायला निघते. गोष्टीचं पहिलं नावही 'हवेच्या कन्या' असंच ठरत होतं. म्हणजे आत्मा लग्नाखेरीज मिळू शकतो, हा दरवाजा लेखकानेच उघडा ठेवलाय. तुम्हाला तो खोटा पाडायला नको, नवा शोधायलाही नको. 'पुनर्जन्म आहेच की, मग आत्म्याची एवढी घाई कशाला' असं आपल्या वाचकाला वाटू शकतं, म्हणून आत्म्यापेक्षा मरण आणि वेदना यांवर भार ठेवा.

'मुलांची गोष्ट नासवली' याचं उत्तर सोपं आहे. अँडरसनने स्वतःच १८४० च्या दशकात आपल्या नव्या संग्रहांच्या नावातून 'मुलांसाठी' हे शब्द काढून टाकले. पण भांडण्यापेक्षा काळजी घ्या. मूळ जलपरी पंधरा वर्षांची आहे आणि राजपुत्र सोळाच्या आसपासचा. तुमची पात्रं सज्ञान हवीत, दोघंही, आणि ते पहिल्याच प्रकरणात निःसंशय कळलं पाहिजे. पाण्यावर यायचं वय एकविसावं ठेवा, राजपुत्राच्या जहाजावरचा वाढदिवस पंचविसावा करा. राजवाड्यातल्या लोकांनी त्याला 'पोर', 'बाळ' म्हणणं पूर्ण गाळा. पुस्तकाच्या नावात 'छोटी' किंवा 'जलपरी' घेऊ नका, नाही तर ई-पुस्तकांच्या ॲपवर कुणीतरी सात वर्षांच्या लेकीसाठी ते उघडेल. मलपृष्ठावर 'दोन पुरुषांची प्रेमकथा, प्रौढांसाठी' असं स्वच्छ छापा. कथेच्या आत मात्र 'समलिंगी', 'गे' हे शब्द नकोत. त्या राजवाड्यात ते कुणाला ठाऊक नाहीत.

कॉपीराइट: अँडरसन १८७५ मध्ये गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, युरोपात सत्तर, म्हणजे मूळ गोष्ट केव्हाच मोकळी झालीय. पण तुम्ही समोर ठेवलेलं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर मोकळं असेलच असं नाही, त्यातली वाक्यं उचलू नका. चित्रपटातली नावं, खेकडा, गाणी, चेटकिणीचं रूप, काहीही घेऊ नका. मुखपृष्ठावर कोपनहेगनचा पुतळाही नको. १९१३ मध्ये तो घडवणारे एडवर्ड एरिक्सन १९५९ मध्ये वारले, त्यामुळे युरोपात हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहेत, आणि त्यांचे वारस त्याबाबत कोर्टात जातात.

शेवटी तुमच्या पाच प्रकरणांबद्दल. समुद्रात पाच फार झाली, तीन करा. आजीच्या शेपटीवरचे बारा शिंपले एका ओळीत येतात. बहिणींपैकी दोघीच ठळक करा, कारण केस कापून परत यायचं आहे तेव्हा वाचकाला त्या ओळखू आल्या पाहिजेत. बागेतला संगमरवरी पुतळा मात्र ठेवा. बुडालेल्या जहाजातून खाली आलेला देखणा पुरुष, जलपरी ज्याच्याशेजारी लाल फुलं आणि एक झाड लावते. बहिणी बागेत चित्रविचित्र वस्तू मांडतात, हिच्याकडे तो एकटाच. तुमच्या नायकाच्या बागेत तो पुतळा उभा राहिला की आजीला काय कळलं आणि ती काय बोलली नाही, हा प्रसंग तुमच्या मसुद्यात नाही. तिसरं प्रकरण त्याचं होऊ शकेल.